आयामासेत इरू नाही, ओफादा तांदूळ नाही, मग उरलं काय?

लागोस_रिटर्न:
काल एका ग्रुपवर कुणीतरी 'हेल्दी आयामासे' म्हणून फोटो टाकला. आयामासे म्हणजे नायजेरियातला भातावर घ्यायचा हिरव्या मिरचीचा रस्सा. खाली बासमती, वर ढोबळी मिरचीची हिरवी पेस्ट, तेल सनफ्लॉवर, इरूचा, म्हणजे आंबवलेल्या बियांचा, पत्ता नाही, आणि लोक वा वा करतायत. राव, मी लागोसच्या इकेजाला चार वर्षं काढली, माझं डोकंच फिरलं.

माहीत नसणाऱ्यांसाठी: ओफादा हे नायजेरियाच्या ओगुन राज्यातलं गाव, त्याच्याच नावाचा हा तांदूळ. आखूड, जाडा, पॉलिश न केलेला, दाण्यावर तांबूस रेघा. त्याच्यावर येते आयामासे. हिरवी ढोबळी, कांदा आणि 'अता रोडो' नावाची जाळ मिरची जाडसर वाटायची, गंध करायचा नाही, आणि पाणी आटेपर्यंत शिजवायची. दुसरीकडे लाल पाम तेल झाकण लावून मंद आचेवर तापवत ठेवायचं, लाली उडेपर्यंत. ह्याला ते लोक ब्लीच करणं म्हणतात. गार झाल्याशिवाय झाकण उघडलंत तर घरभर धूर, मी उघडलंय. मग त्यात कांदा, इरू, वाटण, शाकी म्हणजे आपली वजडी, पोन्मो म्हणजे गुराचं कातडं, आणि अख्खी उकडलेली अंडी. वर तर्री अशी तरंगते की कोल्हापूरकरानेही मान डोलवावी. बाजूला पिकल्या प्लँटेनचे, म्हणजे मोठ्या केळ्याचे, तळलेले काप, त्याला म्हणतात डोडो.

माझं म्हणणं एवढंच की मटण कमीजास्त करा, पण तांदूळ, ब्लीच केलेलं तेल आणि इरू ह्यातलं एक जरी गेलं तर तिला मिरचीची भाजी म्हणा.

बीपीवाला_काका:
अहो पण पाम तेलात आधीच निम्म्याच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट, त्यात एक चांगली गोष्ट म्हणजे कॅरोटीन, ज्याने ते लाल दिसतं, आणि तुम्ही नेमकं तेच जाळून उरलेलं खायला सांगताय. माझ्या दोन गोळ्या चालू आहेत. चव चव करून कुणाच्या अंगावर काढायचं हे? मी सनफ्लॉवरच घालणार आणि आयामासेच म्हणणार, काय करायचं ते करा.

लंडनकर:
माझी टीममधली योरुबा, म्हणजे तिकडच्याच समाजातली, मैत्रीण, माहेर थेट ओगुनचं, ती फ्लॅटमध्ये अर्धं साधं तेल घालते, कारण पूर्ण ब्लीच केलं की स्मोक अलार्म बोंबलतो. तिच्या आईला चालतं. आपण कोण टिकोजीराव लागून गेलो? चार वर्षं नोकरीला राहिलं म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

लागोस_रिटर्न:
@लंडनकर बरं, सातबारा लागला जिव्हारी. पण तुमच्या मैत्रिणीने तेल अर्धं केलं, इरू टाकलं की नाही ते विचारा आणि मग बोलू.

लंडनकर:
विचारलं. फ्रीजरमध्ये आहे म्हणाली, तीन पिशव्यांत गुंडाळून 😅

सिंधुदुर्गातली:
तुम्ही सगळे रश्श्यावर भांडताय, भाताचं कोण बोलणार? आम्ही तीन वर्षं लागोसच्या आपापाला होतो, ह्यांचं काम पोर्टवर. पहिल्यांदा ओफादा शिजवला तेव्हा झाकण काढल्या काढल्या मला आजीच्या घरचा उकडा आठवला, तोच तो किंचित आंबूस उग्र वास. धान भिजवून उकडतात त्यातून येतो तो. लोकं नाक मुरडतात, पण त्या वासाशिवाय ती तिखट तर्री अंगावर येते, भातच तिला धरून ठेवतो. बासमती काय धरणार, तो स्वतःच अत्तर लावून आलेला.

खडे मात्र निघायचे हो. सुपात घेऊन बसायचे मी, शेजारची ताई हसायची आणि मग स्वतःचं पण सूप घेऊन यायची. तिच्याकडेच पहिल्यांदा पानात बांधलेला भात खाल्ला. एवे एरान म्हणतात त्या पानाला, मोठं, गुळगुळीत. गरम भात त्यात गुंडाळला की पानाचा वास आत उतरतो, आपल्याकडे केळीच्या किंवा हळदीच्या पानाचं होतं तसंच.

आणि तो काही गरिबाचा भात नाही बरं का. शहरात रोजच्याला बाहेरून आलेला पार्बॉइल्ड तांदूळ, थायलंडचा, आपल्या भारतातला पण. ऑगस्ट 2019 मध्ये तिथल्या सरकारने जमिनीवरच्या सीमा बंद केल्या, त्यामागे तांदळाची तस्करी हे मोठं कारण होतं. ओफादा त्या आयात तांदळापेक्षा महाग, तो पार्टीला. आमच्याकडे पाहुणे आले की उकडा मागे सारून कोलम काढतात, आणि तिकडे उलटं.

शाकाहारी_पण_भांडखोर:
म्हणजे आम्ही खायचंच नाही का? मी तिकडे मश्रूम घालून करायचे, अंडं चालतं मला. इरू शाकाहारीच आहे, झाडाच्या शेंगेतल्या बिया, तासन्‌तास उकडायच्या, वालाचं बिरडं सोलतो तशी सालं काढायची आणि झाकून आंबवत ठेवायच्या. वास सुकटीसारखा म्हणून माझ्या घरात दंगा झाला तो वेगळा. पण वजडी नसताना रश्श्याला जो खोलपणा येतो तो त्यानेच येतो. त्यामुळे इरूच्या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने, मटणाच्या बाबतीत त्यांनी मोठ्या मनाने दिलेली सूट घेते, आणि तेलाच्या बाबतीत काकांच्या.

बीपीवाला_काका:
चला, एक मत तरी पडलं.

लागोस_रिटर्न:
काका, तेलावर मी अर्धं मागे येतो, निम्मं पाम, निम्मं साधं, ते लंडनच्या मैत्रिणीच्या आईने पास केलंय म्हणून, तुमच्या गोळ्यांमुळे नाही. बासमतीवर नाही म्हणजे नाही. @सिंधुदुर्गातली उकड्यावर करून बघितलंय का कधी?

सिंधुदुर्गातली:
गेल्या गणपतीनंतर केलं, उरलेल्या शेवटच्या इरूत. उकडा जास्त मऊ पडला, पुढच्या वेळी पाणी कमी घालीन. इरू लोणच्याच्या बरणीत ठेवलं होतं, सासूबाईंनी झाकण उघडलं आणि बरणी सरळ परसात नेऊन ठेवली. मांजर दोन दिवस तिथून हललं नाही.