खेळणारी मुले एवढी, मग बघणारे कुठे जातात? (अमेरिकेतील सॉकर)

सारथी

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी न्यू जर्सीत राहतो. येथे फुटबॉल म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लांबोळका चेंडू येतो, म्हणून या धाग्यात मी ‘सॉकर’ हाच शब्द वापरत आहे. माझी तेरा वर्षांची मुलगी एका ट्रॅव्हल संघातून सॉकर खेळते. शनिवारी पहाटे साडेपाचला उठायचे, कधी पेनसिल्व्हेनियातले तर कधी डेलावेअरमधले मैदान गाठायचे, घडीच्या खुर्च्या रेषेबाहेर मांडायच्या आणि दोन सामने संपेपर्यंत तेथेच बसून राहायचे, हा आमचा नेम झाला आहे. एकेका संकुलात आठ-दहा मैदाने असतात, प्रत्येकावर सामना चालू असतो आणि उशिरा पोहोचणाऱ्याला गाडी लावायला जागा मिळत नाही.

गेल्या महिन्यात अशाच दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मी शेजारच्या तेरा पालकांना सहज विचारले, की आपल्याकडून अर्ध्या तासावर व्यावसायिक संघाचे स्टेडियम आहे, तेथे सामना बघायला कोण कोण गेले आहे? दोघांनी हात वर केले आणि त्यांतल्या एकाला तिकीट कार्यालयातून फुकट मिळाले होते. बाकीच्यांच्या फोनवर महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचे गुण चालू होते. मुलीच्या संघात चौघींकडे मेस्सीचा गुलाबी जर्सी आहे, पण इंटर मायामीच्या दुसऱ्या एका खेळाडूचे नाव विचारले तर चौघीही एकमेकींकडे पाहू लागतात.

डिसेंबर २०२३ मधील गॅलपच्या पाहणीत बघण्यासाठी सर्वांत आवडता खेळ म्हणून अमेरिकन फुटबॉलला ४१ टक्के आणि सॉकरला ५ टक्के लोकांनी पसंती दिली होती. १९९४ चा विश्वचषक येथे झाला, पेले, बेकहॅम आणि मेस्सी येथे येऊन खेळले, आणि आता २०२६ चा विश्वचषकही येथे आहे. तरीही मैदानावर खेळणारे मूल मोठेपणी प्रेक्षक का होत नाही, आणि काय केले असता ते होईल, यावर जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

तिसरा पंच

सारथी, प्रेक्षक नाहीत हे तुमचे गृहीतक आधी तपासून पाहावे लागेल. १९९४ च्या विश्वचषकातील ५२ सामन्यांना मिळून सुमारे ३५ लाख ८७ हजार प्रेक्षक आले होते, म्हणजे सरासरी एका सामन्याला जवळपास ६९ हजार. पुढे १९९८ ते २०२२ या काळातील विश्वचषकांत सामन्यांची संख्या ६४ झाली, तरी ही एकूण संख्या कोणत्याही देशाला ओलांडता आली नाही. तेव्हा जत्रेला गर्दी करणारा प्रेक्षक येथे भरपूर आहे. दर शनिवारी आपल्या गावच्या संघासाठी घराबाहेर पडणारा प्रेक्षक घडवणे, हे खरे अवघड काम आहे.

ते आधीही एकदा फसले आहे. १९७५ मध्ये पेले न्यू यॉर्क कॉसमॉसकडे आले आणि १४ ऑगस्ट १९७७ रोजी जायंट्स स्टेडियममध्ये त्या संघाच्या सामन्याला ७७,६९१ लोक आले. ते आकडे पाहून तेव्हाच्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने संघांची संख्या २४ पर्यंत नेली आणि बाकीच्या मालकांनी कॉसमॉसच्या तोडीचा खर्च करायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याकडे पेले नव्हते. १९८४ च्या हंगामानंतर ती लीग बंद पडली. लोक पेलेला पाहायला येत होते, संघाला नव्हे. पेले गेल्यावर त्यांना यायचे कारण उरले नाही.

१९९६ मध्ये दहा संघांनिशी सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरने यातून खर्चाला लगाम घालण्याचा धडा घेतला, संघ स्वतंत्र न ठेवता एका कंपनीच्या छत्राखाली ठेवले आणि पगारांवर मर्यादा घातली. मात्र प्रेक्षकाविषयीचा धडा उलटाच घेतला. अमेरिकी माणसाला बरोबरी खपत नाही असे गृहीत धरून सामना बरोबरीत सुटला की खेळाडूने ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन धावत यायचे आणि पाच सेकंदांत गोल करायचा, अशी पद्धत काढली. घड्याळही उलटे, शून्याकडे धावणारे ठेवले. ज्यांना खेळ कळत होता ते हसले आणि ज्यांना कळत नव्हता ते तरीही आले नाहीत. २००० च्या हंगामापासून हे प्रकार बंद झाले. २००२ च्या सुरुवातीला, तोवर बारा झालेल्या संघांपैकी फ्लोरिडातले दोन्ही संघ मोडीत निघाले, आणि उरलेल्या दहा संघांपैकी सहा संघ एका टप्प्यावर फिल अॅन्शुट्झ या एकाच धनिकाच्या मालकीचे होते. लीग त्या वर्षी संपली नाही हेच नवल आहे.

माझ्या मते या लीगला तारले ते खेळाडूंनी नव्हे, तर मैदानांनी. ७० हजारांच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये १५ हजार माणसे विखरून बसली की आलेल्यालाही आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे वाटते, आणि हिरवळीवर दुसऱ्याच खेळाच्या यार्डांच्या रेषा दिसत असतील तर पाहुण्याच्या घरात जेवायला बसल्यासारखे होते. कोलंबस संघाचे मालक लमार हंट यांनी १९९९ मध्ये कोलंबसला केवळ सॉकरसाठी स्टेडियम बांधले आणि मग हळूहळू इतर शहरांनी तोच मार्ग धरला.

पोर्टलंडचे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण मी ते प्रत्यक्ष पाहिले आहे. लाकूडतोड्यांचा इतिहास असलेले ते शहर आहे आणि संघाचे नावही टिंबर्स. गोल झाला की प्रेक्षकांच्या बाजूला ठेवलेल्या भल्यामोठ्या ओंडक्याचा एक गोल काप यांत्रिक करवतीने कापला जातो. करवतीचा आवाज, उडणारा भुसा, ओल्या लाकडाचा वास, आणि तो काप डोक्यावर धरून मिरवणारा माणूस. सामना संपल्यावर तो काप गोल करणाऱ्या खेळाडूला देतात. ही प्रथा जुन्या लीगच्या काळात टिंबर जिम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाने सुरू केली. ती लीग बुडाली, पण करवत राहिली. प्रेक्षक टिकवायचा असेल तर असे काहीतरी हवे, जे दुसऱ्या शहरात नेऊन लावता येत नाही.

मध्यंतर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त दूरचित्रवाणीची बाजू जोडतो. अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल हे थांबत-थांबत चालणारे खेळ आहेत आणि प्रत्येक थांब्यावर जाहिरात बसते. सॉकरची ४५ मिनिटे अखंड चालतात, त्यामुळे येथील वाहिन्यांना या खेळाविषयी कधीच फारशी माया नव्हती. २०२६ च्या विश्वचषकात सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात, हवामान कसेही असले तरी, पाणी पिण्यासाठी तीन मिनिटांची विश्रांती ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा कारण खेळाडूंच्या प्रकृतीचे दिले गेले. पाणी खेळाडूंनी प्यायचे आणि तहान वाहिन्यांची भागायची, अशी माझी शंका आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगला मात्र वेळेतील फरकच फळला. २०१३ पासून एनबीसी ही वाहिनी ते सामने शनिवार-रविवारी सकाळी दाखवते, आणि त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही मोठ्या खेळाची स्पर्धा नसते. याउलट मेजर लीग सॉकरने २०२३ पासून दहा वर्षांसाठी अॅपलशी प्रक्षेपणाचा करार केला. सर्व सामने एका ठिकाणी मिळण्याची सोय झाली, पण त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागे. म्हणजे ज्याला आधीच आवड आहे त्याची सोय झाली आणि वाहिन्या चाळताना सहज थांबणारा माणूस गमावला. २०२६ च्या हंगामापासून ती वेगळी वर्गणी रद्द झाली, यावरून चूक ध्यानात आली असावी असे म्हणता येईल.

पेठकर

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या ह्यूस्टनला असतो. सारथीसाहेब, तुम्ही विचारलेल्या प्रश्नात एक प्रश्न राहून गेला आहे. त्या तेरा पालकांपैकी घरी स्पॅनिश बोलणारे किती होते?

हे विचारण्याचे कारण सांगतो. आमच्याकडे संघ तालमीचा असतो. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल यांपैकी तुम्ही कोणाचे, हे तुम्ही ठरवत नाही. ज्या पेठेत जन्मला तिचे तुम्ही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतला पानपट्टीवालाही दुपारपासून गिऱ्हाइकाकडे नीट लक्ष देत नाही. तेथे खेळणारा आणि बघणारा ही एकाच गल्लीतली माणसे असतात, बहुधा एकाच घरातली. अमेरिकेत ही दोन माणसे एकमेकांना ओळखतच नाहीत. येथे क्लबमधून खेळायला वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागतात. शुल्क, गणवेश, प्रवास, हॉटेल. जो आईबाप ते मोजतो, त्याच्या दृष्टीने सॉकर ही पियानोच्या शिकवणीसारखी मुलासाठी विकत घेतलेली गोष्ट असते आणि तिचा हिशेब महाविद्यालयाच्या प्रवेशापाशी पूर्ण होतो. पियानो शिकणाऱ्या सगळ्या मुलांचे आईबाप मैफलींना जात नाहीत, तसेच हे.

आणि बघणारे कोण? या देशात सर्वाधिक पाहिली जाणारी सॉकर लीग मेक्सिकोची आहे, अमेरिकेची नाही. आमच्या घराजवळच्या उद्यानात रविवारी मेक्सिको आणि होंडुरासमधून आलेल्या लोकांच्या हौशी संघांचे सामने होतात. आजी सावलीत बसलेली, कोळशावर मांस भाजले जात आहे, लहान पोरे रेषेलगत वेगळाच चेंडू घेऊन खेळत आहेत, आणि पंचाला शिव्या देण्यात तिन्ही पिढ्यांचा सहभाग आहे. मला तेथे उभे राहिले की घरी आल्यासारखे वाटते. त्या पोरांपैकी फार थोडी तुमच्या संकुलातल्या दहा मैदानांवर पोहोचतात, कारण शुल्क परवडत नाही. ज्या घरात हा खेळ रक्तात आहे त्या घरातले पोर बाहेर ठेवायचे, आणि ज्या घरात तो नाही त्याला जाहिरात करून बोलवायचे, अशी ही उफराटी रचना आहे.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेने भारताला ३-० ने हरवले. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून ती तारीख माझ्या लक्षात आहे. बरोबर चार दिवसांनी अमेरिकेचा मुख्य संघ त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून २-१ ने हरला आणि २०१८ च्या विश्वचषकाला मुकला. त्यानंतर पैसे भरून खेळण्याच्या या पद्धतीवर येथे पुष्कळ चर्चा झाली. शुल्क मात्र आजही भरावेच लागते.

आणखी एक. येथे तळाचा संघ खालच्या स्तराच्या लीगमध्ये जात नाही. सॅन दिएगोच्या नव्या संघाने लीगमध्ये येण्यासाठी ५० कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. एवढे मोजल्यावर कोण खाली जायला तयार होईल? पण शेवटून दुसरा आणि शेवटचा यांच्यात काही फरकच नसेल, तर हंगामाच्या अखेरीस त्या शहरातल्या माणसाने स्टेडियमवर का जावे? युनायटेड सॉकर लीग या दुसऱ्या लीगने आपल्या स्तरांमध्ये बढती-घसरण आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला आहे. माझे लक्ष मेस्सीपेक्षा त्याकडे अधिक आहे.

उत्तररंग

प्रश्न विचारणाऱ्याला मुलगी आहे, ती सॉकर खेळते, आणि तरीही इथवर एकाही प्रतिसादात महिलांचा सामना आलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. अमेरिकेने पुरुषांचा विश्वचषक एकदाही जिंकलेला नाही; महिलांचा १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असा चार वेळा जिंकला आहे. शिक्षणसंस्थांना मुलींनाही खेळात समान संधी देणे भाग पाडणारा कायदा १९७२ मध्ये आला आणि त्यातून ही पिढी घडली. १९९९ च्या अंतिम सामन्याला रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षक होते.

अर्थात, तिसरा पंच यांचे जत्रेचे निरीक्षण येथेही लागू पडते. त्या विजयानंतर २००१ मध्ये सुरू झालेली महिलांची लीग तीन हंगामांत बंद पडली, दुसरीही टिकली नाही, आणि २०१३ मध्ये सुरू झालेली तिसरी आता पाय रोवून उभी आहे. कॅन्सस सिटीने २०२४ मध्ये खास महिला संघासाठी साडेअकरा हजार आसनांचे स्टेडियम उघडले. ७० हजारांचे नव्हे, साडेअकरा हजारांचे. हा शहाणपणा महत्त्वाचा आहे.

सारथी, तुमच्या न्यू जर्सीतल्या हॅरिसनला गॉथम हा महिला संघ खेळतो आणि त्याने २०२३ व २०२५ मध्ये लीग जिंकली आहे. मुलीला एकटीला नेऊ नका, सगळ्या संघाला न्या आणि गोलच्या मागे बसवा. बचावपटू एकमेकींना ओरडून काय सांगतात हे तेथे ऐकू येते. पडद्यावर ते कधीच ऐकू येत नाही.

सारथी

सर्वांचे आभार. पेठकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘एक’ असे आहे. ते गृहस्थ मूळचे ग्वाडालाहाराचे आहेत, आणि हात वर करणाऱ्या दोघांपैकी स्वतः तिकीट काढून गेलेले तेच होते. हा योगायोग मला तेव्हा जाणवला नव्हता.

उत्तररंग, आपली सूचना मनावर घेऊन मी चौदा मुली आणि सहा पालक अशी वीस तिकिटे काढायचे ठरवले होते. अडचण अशी आली, की शनिवारी संध्याकाळी सामना आहे आणि त्याच दिवशी आमच्या मुलींचे डेलावेअरला दोन सामने आहेत. दुसरा साडेचारला संपतो. रविवारच्या सामन्याचा पर्याय पाहिला, तर त्या वेळी सराव आहे आणि तो चुकवल्यास पुढच्या शनिवारी राखीव खेळाडूंत बसावे लागेल, असे प्रशिक्षकांनी कळवले आहे. मी त्यांना विचारले, की आपण स्वतः शेवटचा सामना स्टेडियमवर जाऊन केव्हा पाहिला? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, वेळ कुठे मिळतो.