'मीरा' नावाचं मूळ नक्की कुठलं?

भाचीचं नाव मीरा ठेवायचं घाटतंय. संत मीराबाईंमुळे ते आपलंच वाटतं, पण परदेशी मीराही भेटतात. मूळ एकच का?

> नाही हो. लॅटिनमध्ये 'मीरा' म्हणजे अद्भुत. रशियनसारख्या स्लाव्ह भाषांत 'मिर' म्हणजे शांतता, आणि जगसुद्धा! तिकडच्या मिरोस्लावा या नावाचं लाडकं रूप मीरा. स्पॅनिशमध्ये 'मिरा' म्हणजे 'बघ'.

> आकाशातली मीरा राहिली की! तिमिंगल तारकासमूहातला तांबूस तारा. १५९६ मध्ये फाब्रिसियस या खगोल-अभ्यासकाने टिपला, १६६२ मध्ये हेवेलियस या दुसऱ्या खगोल-अभ्यासकाने हे लॅटिन नाव रूढ केलं. साधारण ३३२ दिवसांत तेज वाढतं-ओसरतं. ऐन भरात नुसत्या डोळ्यांनी दिसतो, मग महिनोन्महिने दुर्बिणीशिवाय सापडत नाही. मला तर हीच मीरा सगळ्यात प्रिय.

> वा! वहिनीला लगेच वाचून दाखवते.