शेवंडीचं कवच फेकू नका
शेवंडीच्या, म्हणजे आपल्याकडच्या लॉबस्टरच्या, थाई लाल रश्श्याची एक कृती वाचली. "नारळाच्या दुधात शेवंड वीस मिनिटं उकळा, म्हणजे मसाला आत मुरतो" असं तिथे लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. मसाला मुरत नाही, मांस रबरासारखं होतं. आपल्या शेवंडीला परदेशी लॉबस्टरसारख्या मोठ्या नांग्या नसतात, खायचं मांस जवळपास सगळं शेपटीत. मी शेपटी उभी चिरून मधला काळा दोरा काढते आणि मोठे तुकडे रस्सा तयार झाल्यावर अगदी शेवटी सोडते. तीन-चार मिनिटांत काचेसारखं मांस पांढरंशुभ्र दिसायला लागलं की गॅस बंद.

खरी चव कवचात असते, आणि त्याबद्दल त्या कृतीखाली कोणीच बोललं नाही. डोकं आणि कवच थोड्या तेलात लालभडक होईपर्यंत परता, बुडेल इतकं पाणी घाला, वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळून गाळून घ्या. मग कढईत नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवायचं, त्यात थाई लाल पेस्ट परतायची आणि हे पाणी ओतायचं. फिश सॉस आणि माडाचा गूळ चव बघत बघत. फिश सॉस खारट असतो, त्यामुळे वेगळं मीठ बहुतेक लागतच नाही. आणि हो, गवती चहाची पाती आपण चहात टाकतो, पण या रश्श्यात बुडखा हवा, खालचा पांढरट चार बोटांचा भाग, वरवंट्याने ठेचलेला. मी कुंडीतला एक कोंब मुळापासून उपटून घातला, तेव्हा कुठे तो वास घरभर पसरला.