'प्रथम महिला' आणि 'पहिली महिला': पार्क ग्युन-हे यांच्या संदर्भात

पार्क ग्युन-हे यांचा उल्लेख 'दक्षिण कोरियाच्या प्रथम महिला राष्ट्राध्यक्ष' असा करावा की 'पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष' असा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल, कारण 'प्रथम' आणि 'पहिला' यांचा कोशातला अर्थ एकच आहे. वापराने मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या आहेत. 'प्रथम महिला' ही जोडी आता राष्ट्रप्रमुखाच्या पत्नीसाठी रूढ झाली असून तिचा क्रमाशी संबंध उरलेला नाही. एरवी संदर्भावरून निभावून जाते. पार्क यांच्या बाबतीत निभावत नाही, कारण त्यांनी दोन्ही स्थाने भूषवली आणि त्यांच्या उदयाची सारी कथा या दोन स्थानांच्या मधल्या काळात घडली.

१९५२ साली देगू येथे जन्मलेल्या ग्युन-हे यांचे वडील पार्क चुंग-ही यांनी १९६१ मध्ये लष्करी उठाव करून सत्ता हाती घेतली आणि १९६३ पासून ते राष्ट्राध्यक्ष होते. १५ ऑगस्ट १९७४ रोजी सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहात मुक्तिदिनाचा, म्हणजे जपानी राजवटीतून सुटकेच्या स्मृतिदिनाचा, समारंभ चालू असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ते वाचले, मंचावर बसलेल्या त्यांच्या पत्नी युक यंग-सू यांना गोळी लागली. जखमी पत्नीला बाहेर नेल्यानंतर पार्क चुंग-ही यांनी आपले राहिलेले भाषण पूर्ण केले, आणि त्याच संध्याकाळी यंग-सू यांचे निधन झाले. इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीची पदवी घेऊन फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे पुढचे शिक्षण घेत असलेली २२ वर्षांची कन्या मायदेशी परतली. तेव्हापासून २६ ऑक्टोबर १९७९ रोजी गुप्तचर संस्थेच्या प्रमुखानेच वडिलांची हत्या करेपर्यंत, परदेशी पाहुण्यांच्या स्वागतापासून सार्वजनिक समारंभांपर्यंत आईची सर्व कामे तिने पाहिली.

या पाच वर्षांसाठी 'त्या देशाच्या प्रथम महिला होत्या' असे लिहिले, तर अनभिज्ञ वाचक त्यांना राष्ट्राध्यक्षांची पत्नी समजेल. कोरियन भाषेत ही अडचण मुळातच कमी आहे. दुसऱ्याच्या पत्नीसाठी 'यंगबुइन' आणि दुसऱ्याच्या मुलीसाठी 'यंगए' असे दोन स्वतंत्र आदरार्थी शब्द तिथे आहेत, आणि लष्करी राजवटीच्या काळात ते प्रामुख्याने राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाशीच जोडले गेले होते. मराठीत 'प्रथम महिलेची जबाबदारी सांभाळली' असे लिहिणे मला सर्वांत निर्दोष वाटते, कारण त्यात काम सांगितले जाते आणि नाते गृहीत धरले जात नाही.

दुसरे स्थान मात्र त्यांनी निवडणुकीतून मिळवले. १९९८ मध्ये देगूमधील दालसंगच्या पोटनिवडणुकीत त्या राष्ट्रीय सभेवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आल्या. २००४ मध्ये त्यांच्याकडे त्यांच्या ग्रँड नॅशनल पक्षाचे अध्यक्षपद आले, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या आधीच्या निवडणुकीसाठी उद्योगसमूहाकडून ट्रक भरून रोकड घेतल्याच्या प्रकरणामुळे पक्ष बदनाम झाला होता. पार्क यांनी पक्षाचे मुख्यालय सोडले आणि सोलमधील यओइदो भागात मोकळ्या जागेवर तंबू ठोकून तिथून कारभार चालवला. पक्षाचे पानिपत होणार असे बोलले जात असताना २९९ पैकी १२१ जागा मिळाल्या. 'निवडणुकांची राणी' हे त्यांचे बिरुद अशा यशांतून आले, आणि वडिलांच्या नावाची पुण्याई एवढ्याच स्पष्टीकरणावर जे थांबतात ते त्यांच्यावर अन्याय करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या नावाचा देगूत आणि ज्येष्ठ मतदारांत मोठा उपयोग झाला, हेही तितकेच खरे. २००६ मध्ये प्रचारसभेत एकाने कटरने त्यांचा चेहरा कापला, २००७ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत ली म्युंग-बाक यांच्याकडून त्या हरल्या, आणि १९ डिसेंबर २०१२ रोजी ५१.६ टक्के मते मिळवून प्रतिस्पर्धी उमेदवार मून जे-इन यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विजयी झाल्या. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी शपथ घेतलेल्या या बाई 'पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष' होत. येथे क्रम सांगायचा आहे, म्हणून 'पहिल्या' हाच शब्द हवा.

त्यांना 'राष्ट्रपती' का म्हणू नये, हा उपप्रश्न ओघाने येतो. 'पती' म्हणजे येथे स्वामी, जसा सेनापती किंवा सभापती या शब्दांत. त्यामुळे स्त्रीच्या बाबतीत तो अडत नाही, आणि २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा बरीच चर्चा होऊनही तोच शब्द कायम राहिला. परंतु कोरियातील हे पद शासनाचे प्रत्यक्ष प्रमुखपद आहे, आणि अशा परदेशी पदांसाठी मराठी वृत्तपत्रांनी 'राष्ट्राध्यक्ष' हा शब्द रुळवला आहे. तो पाळावा. 'राष्ट्राध्यक्षा' हे रूप व्याकरणाला धरून आहे, पण 'पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षा' असे लिहिल्यास स्त्रीत्व दोनदा सांगितले जाते.

'महाभियोग', म्हणजे पदावरून दूर करण्यासाठी संसदेने ठेवलेला आरोप, या शब्दाचा वापर सर्वांत ढिला होतो. पार्क यांची मैत्रीण चोई सून-सिल यांच्या सरकारी कारभारातील हस्तक्षेपाच्या प्रकरणानंतर ९ डिसेंबर २०१६ रोजी ३०० सदस्यांच्या राष्ट्रीय सभेत २३४ मतांनी महाभियोगाचा ठराव संमत झाला, तेव्हा 'पार्क यांची हकालपट्टी' असे लिहिणे चुकीचे ठरते. त्या दिवशी त्यांचे अधिकार स्थगित झाले आणि पंतप्रधान ह्वांग क्यो-आन हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. पद मात्र पार्क यांच्याकडेच होते. १० मार्च २०१७ रोजी संवैधानिक न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिल्यानंतरच त्या पदच्युत झाल्या, म्हणून 'पदच्युत' हा शब्द त्या तारखेआधी वापरू नये.