प्रश्नावलीत निम्म्या पोरींनी मधलाच पर्याय टिक केला, आता काय करू?

नर्सिंगवाली_यवतमाळ: एमएस्सी नर्सिंगचा थेसिस आहे, दारव्ह्याकडच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलींना स्तनांच्या आरोग्याबद्दल काय माहीत आहे अन् काय वाटतं ते मोजायचंय. चॅम्पियन यांचं हेल्थ बिलीफ स्केल (आजाराबद्दलच्या समजुती मोजायची प्रश्नावली) मराठीत करून नेलं, पाच पर्यायवालं, तर निम्म्या पोरींनी सरसकट मधल्या 'सांगता येत नाही' वर टिक मारली, अन् "मला स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता आहे" हे वाचून एक तर रडायलाच लागली. भाषांतर चुकलं का?

पीएसएम_रेसिडेंट: भाषांतराचं नंतर बघू. ते स्केल १९८४ चं, मोठ्या बायकांसाठी केलेलं. चौदा-पंधराव्या वर्षी हा कॅन्सर अगदीच क्वचित, या वयात गाठ आलीच तर बहुतेक वेळा फायब्रोअॅडिनोमा असतो, साधी गाठ. मग ते वाक्य विचारून आपणच भीती घालतोय ना. त्यापेक्षा विचारा की एक बाजू लहान-मोठी असणं, पाळीच्या आधी दुखणं हे नॉर्मल आहे का, गाठ लागली तर कोणाला सांगशील. अन् माहितीचे प्रश्न वेगळे ठेवा, त्यात 'माहीत नाही' हवंच, नाहीतर पोरी अंदाजे ठोकतात. समजुतींना मार्क देऊ नका.

आशाताई_वऱ्हाड: स्तन कोण म्हणते वं बाई घरी? छातीच म्हणतात. पोट्टीले शब्दच समजला नाही त मधातच टिक करन. आमच्याकडे म्हणतात ब्लाउजात पैसे ठेवले की गाठ येते, काळी ब्रा घालू नये, खोटंच आहे पण हे तुमच्या कागदावर आहे काय? अन् फॉर्म भरताना सर वर्गात होते काय ते सांगा आधी. कापूस वेचाईच्या दिवसात जाऊ नका, अर्ध्या पोरी वावरात असतात.

नर्सिंगवाली_यवतमाळ: सर दारातच उभे होते 🤦‍♀️ आयांची संमती तेवढी घेतली होती. आता आधी पाच-सहा पोरींना बसवून प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगायला लावते. पण फॉर्मवर नाव नाही, अन् एकीनं लिहिलंय "मला गाठ आहे, आईला सांगितलं नाही". तिला शोधू कशी?

आशाताई_वऱ्हाड: शोधू नका, सगळ्यायसमोर उघडी पडन बिचारी. उद्याच परत जा, साऱ्या वर्गाले सांगा का ज्याले काही विचारायचं असन ते मधल्या सुट्टीत एकेकटी भेटा. सरायले बाहेर पाठवा पयले.