'डिसेंट'ला मराठी शब्द सुचवा: विरोध, निषेध, असहमती यांतलं काहीच नीट बसत नाहीये

मंडळी, एका शब्दापाशी आठवडाभर अडले आहे. मदत हवी आहे.

लोकशाहीवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'डिसेंट' हा शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात येतो. पहिल्या खर्ड्यात मी सरसकट 'विरोध' लिहून मोकळी झाले. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की लेखाचा अर्थच पालटला आहे. विरोध बाहेरचाही करतो, शत्रूही करतो. या लेखातला माणूस मात्र आपल्याच माणसांत राहून, सगळ्यांनी मान डोलावलेल्या गोष्टीला उघडपणे "मला हे पटत नाही" म्हणतो.

'मतभेद' बरोबरीच्या माणसांत होतात. इथे एका बाजूला बहुमत किंवा सत्ता आणि दुसऱ्या बाजूला कधी कधी एकटाच माणूस, हे त्या शब्दातून येत नाही. 'असहमती' सगळ्यात जवळची वाटते, पण ती मनातल्या मनातही राहू शकते. गप्प बसलेला माणूसही असहमत असतोच की! डिसेंट बोलून दाखवल्याशिवाय होत नाही. शिवाय 'असहमत असणे' ही अवस्था झाली, कृती नव्हे. 'असहमती नोंदवणे' म्हणावं तर वाक्याला सरकारी टिपणाची कळा येते.

'निषेध' संस्कृतात मुळात मनाई. 'विधिनिषेध', 'निषिद्ध' या शब्दांत तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीत आपण घडून गेलेल्या गोष्टीचा निषेध करतो आणि त्यात संताप पुढे असतो, विचार असेलच असं नाही. 'विद्रोह' मी मुद्दाम टाळते आहे, कारण त्यात 'द्रोह' आहे, आणि वेगळं मत म्हणजे द्रोह नव्हे हेच तर लेखकाला जीव तोडून सांगायचं आहे.

मग व्युत्पत्ती पाहिली. लॅटिनमध्ये 'दिस' म्हणजे वेगळं आणि 'सेंतीरे' म्हणजे वाटणं, जाणवणं. 'कन्सेंट' म्हणजे संमती आणि 'असेंट' म्हणजे मान्यता, हे दोन्ही याच धातूचे. सत्तेला उघडपणे नकार देणारा तो 'डिसिडंट'ही याच घरातला असेल असं मी धरून चालले होते, पण तो 'सेदेरे'वरून, म्हणजे बसणं यावरून आलेला: वेगळा बसणारा. तेव्हा डिसेंट हा संमतीचा सख्खा भाऊ ठरतो. त्या नात्याने 'विमती' सुचला. संस्कृतात 'विमत' आहे. पण आज वाचणाऱ्याला 'विमती' म्हणजे मती फिरलेली असं तर वाटणार नाही?

न्यायालयाच्या संदर्भात अडचण नाही, तिथे 'भिन्नमत' रुळलेलं आहे. समितीच्या अहवालाला जोडतात ती 'भिन्नमतपत्रिका'ही आहे. लेखात न्यायमूर्ती ह. रा. खन्नांचं उदाहरण आहे. आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी ठरवलं की बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध नागरिकाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. खन्नांनी एकट्याने वेगळा निकाल लिहिला. 2017 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. हा भाग अनुवादताना माझ्या अंगावर काटा आला. आणि इथे ना 'निषेध' चालत, ना 'बंड'. त्याच पीठावर बसून, त्याच कायद्याच्या भाषेत त्यांनी आपलं मत लिहून ठेवलं. ही शांत, ठाम कृती मला एका शब्दात हवी आहे.

पण 'भिन्नमत' न्यायालयाबाहेर चालेल का? "भिन्नमत ऐकून घेणारं सरकार" हे मला पटतं. "त्याने आयुष्यभर भिन्नमत जपलं" इथे अडखळते. "भिन्नमताचा हक्क" वाचून तुम्हाला लगेच अर्थ लागतो का, की क्षणभर थांबावं लागतं? तळटीप न देता काम व्हायला हवं.

आणि अशा माणसाला काय म्हणायचं? 'असंतुष्ट' म्हटलं की पद न मिळाल्याने रुसलेला पुढारी डोळ्यांसमोर येतो. 'भिन्नमतवादी'तल्या 'वादी'मुळे तो एखादा पंथ वाटतो. 'वेगळं मत मांडणारा' अचूक आहे, पण लेखात चौदा ठिकाणी हे तीन शब्द लिहायचे म्हणजे वाक्यं पार सैल होतात.

तुमच्या बोलण्यात किंवा वाचनात याला एखादा जुना शब्द आहे का? बोलीतला असला तरी चालेल. शक्यतो एखाद्या पूर्ण वाक्यात वापरून दाखवा, म्हणजे तो कानाला कसा लागतो ते कळेल.