हाताचे सेकंद प्रोग्रामच्या खात्यात काऊन?

चष्मेवाला_वर्धा
मागच्या रविवारी आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळ प्रोग्रामांची स्पर्धा झाली. लॅपटॉप, लाकडी पट, डिजिटल घड्याळ. डाव 15 मिनिटांचा, चालीमागं वाढीव सेकंद नाहीत. माझा प्रोग्राम एक हत्ती अन् दोन प्यादी वर होता, अन् वेळेवर हरला. लॅपटॉपात तीन मिनिटांच्या वर शिल्लक, टेबलावरच्या घड्याळात शून्य!

चाली झाल्या 63. समोरच्याची चाल पाहा, माऊसनं टाका, उत्तर आलं की पटावर खेळा, घड्याळ दाबा. चालीमागं 3 सेकंद धरा, 189 झाले. यात प्रोग्रामचा काय दोष? फक्त विचाराचा वेळ मोजा, नाहीतर चाली एका लॅपटॉपातून दुसऱ्यात केबलनं जाऊ द्या. टीसीईसी या प्रोग्रामांच्या ऑनलाइन स्पर्धेत सारे प्रोग्राम एकाच सर्व्हरवर खेळतात, मधे माणसाचा हातच नाही.

पऱ्हाटीवाला
बैलांच्या शंकरपटात जोडीसंगं हाकणारा धुरकरी पण असतेच ना भाऊ? त्याचा वेळ कोणी वेगळा काढते काय? टेबलावरचं घड्याळ खरं, बाकी सारं घरचं. तुमाले 15 मिनिटं भेटली, त लॅपटॉपात 12 च टाकाची होती. स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्राममधी चालीमागं वेळ राखून ठेवाचा 'मूव्ह ओव्हरहेड' नावाचा पर्याय याच्यासाठीच हाये. तो मुळात 10 मिलिसेकंदावर रायते, म्हंजे माणसाच्या हातासाठी नाहीच. तो वाढवला नाही, हे तुमचं चुकलं.

चष्मेवाला_वर्धा
धुरकरी तरी तोलामोलाचे असतात हो. माझ्यासमोर नववीतला पोरगा होता. माझा चष्मा कपाळावरून नाकावर येईपर्यंत त्याची चाल खेळून व्हायची. मग ही स्पर्धा प्रोग्रामांची की बोटांची?

रात्रपाळी_फीडर
ओव्हरहेड वाढवा म्हणणं सोपं आहे. 3000, म्हणजे चालीमागं 3 सेकंद, टाकून पाहिलंय कोणी? स्टॉकफिश पुढच्या सुमारे 50 चालींसाठी तो वेळ आधीच बाजूला काढतं, म्हणजे अडीच मिनिटं. घड्याळ तिथवर आलं की ते जवळजवळ विचार न करता चाली फेकतं. डावाच्या शेवटी, जिथं नेमका हिशेब लागतो, तिथंच. त्यापेक्षा सुरुवातीलाच वेळ कमी टाकलेला बरा.

अन् खरी गोम कोणी सांगितली नाही. प्रोग्रामनं चाल दिली की लॅपटॉपातलं घड्याळ लगेच समोरच्यावर जातं. आपण उंट उचलून ठेवतो ते सेकंद त्याच्या नावावर चढतात, टेबलावर मात्र आपले जातात. म्हणून दर दहा चालींनी, समोरचा विचारात असताना, टेबलावरचा आकडा पाहून लॅपटॉपातली वेळ दुरुस्त करायची. आपली पाळी असताना हे करू नका, मी एकदा तसंच करून हरलोय.

घोडा_अडीच_घरं
वाढीव सेकंद द्या ना, वाद मिटला! आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 ला जॉर्जियातल्या बटुमीत महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, त्यातला बरोबरी सोडवायचा टायब्रेक पण 15 मिनिटं अन् चालीमागं 10 सेकंद असाच होता.

पऱ्हाटीवाला
100 चालींचा डाव झाला त दोघांचे मिळून 2000 सेकंद वाढले. अर्ध्या तासाच्या वर! अशा पाच फेऱ्या घ्या, अन् मधात लाईन गेली का बॅटरीले पाया पडा.

जुना_पट
1974 ला स्टॉकहोमात संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा सोव्हिएत 'कैसा'चं यंत्र मॉस्कोत होतं, चाली फोनवरून जायच्या. तरी जिंकलं तेच. केबल नाही म्हणून रडगाणं कशाला?

चष्मेवाला_वर्धा
रडत नाही, विचारतोय. केबलचा मुद्दा सोडत नाही, पण पुढच्या खेपेला 12 टाकतो. स्पर्धा कापसाचा पहिला वेचा झाल्यावर आहे. त्या नववीतल्या पोराला विचारलं, माझ्याकडून ऑपरेटर म्हणून बसतो का? म्हणे, "बसतो काका, पन तर्री-पोहे दोन प्लेट लागन."

पऱ्हाटीवाला
दोन प्लेटात तीन मिनिटं वाचतात. महाग नाही.